जुना कॉम्प्युटर मरण्याआधी: फिजिकल मशिनचं व्हर्च्युअल मशिन कसं करायचं



आजच्या व्हिडिओत मी एक जुना विंडोज ७ चा कॉम्प्युटर नव्या लॅपटॉपच्या आत चालवून दाखवला. बऱ्याच गोष्टी स्क्रीनवर पटापट होतात आणि लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून तो धडा इथे सविस्तर देतोय. आधी वाचा, मग व्हिडिओ पुन्हा बघा, आणि शेवटी दिलेला गृहपाठ करा.

हा धडा फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही. तालुक्याच्या गावात रिपेअरिंग, डीटीपी किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी, किंवा सुरू करायचा विचार असलेल्यांसाठी, हे एक नवं काम आहे. भांडवल कमी लागतं, जबाबदारी मात्र मोठी असते. ती किती मोठी, हे मी स्वतः चूक करून शिकलो. ती चूकही आज सांगणार आहे.

गरज कुणाला आहे?

परभणी जिल्ह्यात फिरून बघा. परभणीचा मोंढा, मानवत आणि सेलूकडच्या जिनिंग, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, पाथरीची बाजारपेठ. प्रत्येक ठिकाणी टेबलाखाली, धुळीत, पंखा घरघर करणारा एक जुना डबा असतो. मालक म्हणतो, "सर, ह्याला हात लावू नका, ह्याच्यातच सगळं हाय."

त्या डब्यात काय असतं?

वजनकाट्यावर काट्याचं सॉफ्टवेअर असतं. ते बनवून देणारा माणूस कुठं आहे कुणाला माहीत नाही, सीडी हरवलेली आहे, आणि ते फक्त जुन्या विंडोजवर चालतं.

आडत दुकानात दहा-बारा वर्षांची खाती असतात. जुन्या टॅलीत किंवा कुणीतरी लिहून दिलेल्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये.

डीटीपीवाल्याकडे पेजमेकरच्या फाइली असतात: लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळेच्या गुणपत्रिका. इथं एक मराठी माणसाचा खास प्रश्न आहे. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी आपण मराठी लिहिलं ते पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टवर. ह्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, आणि तिथं तोच फॉन्ट नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणजे नुसती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही. फॉन्ट, की-बोर्डचा ड्रायव्हर, पेजमेकर, सगळं घरदार सोबत न्यावं लागतं.

व्हर्च्युअल मशिन म्हणजे हेच. सामान उचलून न्यायचं नाही, अख्खं घर उचलून न्यायचं.

आणि वेळ का आली आहे? विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन मशिन घ्यावंच लागतं, पण नव्या मशिनवर जुनं सॉफ्टवेअर बसत नाही. शिवाय जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे "जुनं टाकून देऊ" असं म्हणायची सोयही मालकाला नाही.

आधी कल्पना समजून घ्या

आपल्या नव्या कॉम्प्युटरला म्हणायचं यजमान, इंग्रजीत होस्ट. त्याच्या आत जो जुना कॉम्प्युटर चालणार, तो पाहुणा, म्हणजे गेस्ट. पाहुण्याला वाटतं की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आहे. खरं तर त्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. ही फाइल कॉपी केली की अख्खा कॉम्प्युटर कॉपी झाला.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या मशिनवर असे आभासी कॉम्प्युटर चालवले होते. साध्या पीसीवर ते आणलं व्हीएमवेअरने, १९९९ मध्ये. आज तीन साधनं आपल्या कामाची आहेत.

१. व्हर्च्युअलबॉक्स. आता ओरॅकल कंपनीचं आहे. मूळ पॅकेज मुक्त परवान्याखाली आहे, धंद्यातही वापरता येतं. त्याच्या जोडीला मिळणारा एक्स्टेन्शन पॅक मात्र धंद्यासाठी फुकट नाही. आवृत्ती ७.० पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ पॅकेजमध्येच आली आहे, त्यामुळे आपल्या कामाला एक्स्टेन्शन पॅक लागत नाही. नका टाकू.

२. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही मोफत झालं आहे.

३. हायपर-व्ही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत असतं, होम आवृत्तीत नसतं. चांगलं आहे, पण यूएसबी डोंगल सरळ पाहुण्याला देता येत नाही. काट्याला किंवा श्रीलिपीला डोंगल असेल तर इथं अडकाल.

मी ह्या धड्यात व्हर्च्युअलबॉक्स धरून चाललोय. कमांडचं अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, ते तिथूनच उतरवून घ्या.

पायरी १: हात लावण्याआधी वही काढा

डॉक्टर आधी नाडी बघतो. आपणही आधी तपासणी करायची आणि वहीत लिहायचं, मालकासमोर.

विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४ बिट.
डिस्क केवढी आणि त्यातली भरलेली किती.
डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन रंगाने सांगतं. पिवळा किंवा लाल दिसला तर पुढची पायरी बदलते, खाली सांगतो.
बायोसमध्ये डिस्क आयडीई मोडमध्ये आहे की एएचसीआय मोडमध्ये. ही एक ओळ लिहिली नाही तर पुढे दोन तास वाया जातात.
मागे काय काय जोडलंय: कॉम पोर्टवर काट्याचा इंडिकेटर, एलपीटी पोर्टवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, यूएसबी डोंगल.
मदरबोर्डवर एखादं खास कार्ड बसवलंय का. आतलं कार्ड व्हर्च्युअल मशिनमध्ये नेता येत नाही असं धरूनच चाला. असेल तर मालकाला तिथंच सांगा, "मालक, हे काम ह्या पद्धतीनं होणार नाही." नाही म्हणायला लाजू नका.
लॉगिनचा पासवर्ड. "आपोआप चालू होतंय, पासवर्ड नाही" असं म्हणतात आणि नंतर तोच विचारला जातो.
शेवटची पावती किंवा बिल नंबर, तारीख आणि वेळ. हे ठळक अक्षरात लिहा. का ते पुढे कळेल.

पायरी २: यजमान तयार करा

नव्या मशिनमध्ये रॅम कमीत कमी ८ जीबी, जमलं तर १६. डिस्क एसएसडीच हवी. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. इंटेलमध्ये ते व्हीटी-एक्स नावाने असतं, एएमडीमध्ये एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम. बऱ्याच मशिनवर ते कारखान्यातून बंद येतं.

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. यजमान अचानक बंद पडला की आत चालणाऱ्या पाहुण्याचीही तार तुटते, आणि डेटाबेस खराब होऊ शकतो. यूपीएसशिवाय हे काम कुणाला देऊ नका. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप पूर्ण बंद करा.

पायरी ३: डिस्कची फाइल बनवा

दोन पद्धती आहेत. डिस्कच्या तब्येतीवर निवडायची.

पद्धत अ, डिस्क निरोगी असेल आणि विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटं मोफत साधन घ्या. इन्स्टॉल करावं लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. सी ड्राइव्हवर टिक करा, आणि त्याच्याबरोबर सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचा छोटा भाग असतो त्यावरही टिक करा. तो विसरला तर पाहुणा बूटच होत नाही. शॅडो कॉपीची टिक ठेवा. व्हर्च्युअलबॉक्ससाठी व्हीएचडीएक्सची टिक काढा, साधी व्हीएचडी फाइल होऊ द्या.

फाइल त्याच डिस्कवर साठवू नका, बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती बाहेरची डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची पाहिजे. फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या पुढे फाइल जाणार नाही आणि अर्ध्यात थांबेल.

किती वेळ लागेल? हिशेब करा. जुन्या मशिनचा यूएसबी २ पोर्ट प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० एमबी देतो. ७० जीबी भरलेली असेल तर ७०,००० भागिले ३०, म्हणजे २,३३३ सेकंद, जवळजवळ ४० मिनिटं. हे साधन फक्त भरलेला भाग घेतं म्हणून फायदा. मालकाला मात्र तास-दीड तास सांगा, घाईत काम नको.

एक धोका लक्षात ठेवा. तयार झालेली फाइल त्याच जुन्या मशिनला परत जोडून "बघू तरी आत काय आलंय" असं करू नका. दोन्ही डिस्कची सही एकच असल्यामुळे विंडोज एकीची सही बदलतं, आणि मग ती फाइल बूट होत नाही.

पद्धत ब, डिस्क आजारी असेल किंवा विंडोज एक्सपी असेल तर. आजारी डिस्कवर विंडोज चालू ठेवून कॉपी करणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पोतं उचलायला लावणं. मशिन बंद करा, डिस्क काढा, आपल्या मशिनला जोडा, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू करा आणि डीडी-रेस्क्यू वापरा. हे साधन आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा नंतरसाठी ठेवतं आणि कुठपर्यंत आलो ह्याची नोंद ठेवतं. मधे लाईट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. इथं मात्र अख्खी डिस्क कॉपी होते, १६० जीबी तर १६० जीबी. म्हणजे त्याच वेगाने दीड तास, आणि डिस्क खराब असेल तर रात्रभर.

तयार झालेली कच्ची फाइल व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीबॉक्स-मॅनेज कमांडमधल्या कन्व्हर्ट-फ्रॉम-रॉ पर्यायाने व्हीडीआय फाइलमध्ये बदलायची.

कोणतीही पद्धत असो, मिळालेल्या फाइलची आधी एक प्रत काढा आणि मूळ फाइल बाजूला ठेवा. प्रयोग प्रतीवर करायचे.

पायरी ४: पाहुण्याचं घर बांधा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशिन करा. "नवीन डिस्क बनवू नका" हा पर्याय घ्या, आणि आपली फाइल जोडा. सेटिंग अशा:

रॅम. एक्सपीला १ जीबी, ३२ बिट विंडोज ७ ला २ जीबी पुरते. यजमानाच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका.

प्रोसेसर. सुरुवातीला एकच. मशिन नीट चालू झाल्यावर हवं तर वाढवा.

डिस्क कंट्रोलर. वहीत जे लिहिलंय तेच. मूळ मशिन आयडीईवर असेल तर आयडीई, एएचसीआयवर असेल तर साटा. व्हर्च्युअलबॉक्स आपल्या मनाने कंट्रोलर देतो, तो तपासून गरज असेल तर बदलायला विसरू नका.

ईएफआय. जुनी मशिनं साध्या बायोसची असतात, टिक नको.

नेटवर्क. केबल काढलेली ठेवा. तशी टिक सेटिंगमध्ये आहे. कारण पाहुण्याचं नाव आणि आयपी पत्ता जुन्या मशिनचाच आहे. दोघं एकाच नेटवर्कवर आले तर भांडण होतं.

चालू करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या.

पायरी ५: पहिला बूट

निळा पडदा आला आणि त्यावर सात-बी असा शेवट असलेला एरर नंबर दिसला, तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला आपली बूटची डिस्क सापडत नाही, कारण कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळत नाही. मशिन बंद करा, आयडीईचं साटा करा किंवा साटाचं आयडीई. बहुतेक वेळा इथंच सुटतं. एक्सपीत तरीही अडलं तर मर्ज-आयडीई नावाची रजिस्ट्रीची दुरुस्ती आहे. ती मूळ मशिनवर चालवून पुन्हा फाइल काढावी लागते.

विंडोज उघडलं की ते "नवीन हार्डवेअर सापडलं" असं दहा वेळा म्हणेल. होऊ द्या. मग जुन्या ग्राफिक कार्डाचे आणि मदरबोर्डचे प्रोग्रॅम काढून टाका आणि व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्ट ॲडिशन्स टाका. त्याने स्क्रीन नीट होते, माऊस मोकळा फिरतो आणि घड्याळ यजमानाशी जुळतं. काटा पावतीवर वेळ छापली जाते, म्हणून यजमानाचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा.

पायरी ६: काटा, प्रिंटर, डोंगल

नव्या मशिनला कॉम पोर्ट नसतो. यूएसबी-टू-सिरीयल कनव्हर्टर घ्या, यजमानावर त्याचा ड्रायव्हर टाका. समजा यजमानावर तो कॉम ३ झाला. व्हर्च्युअलबॉक्सच्या सिरीयल पोर्ट सेटिंगमध्ये पाहुण्याचा कॉम १ निवडा, होस्ट डिव्हाइस हा प्रकार घ्या आणि कॉम ३ ला जोडा. पाहुण्याच्या आतल्या काट्याच्या सॉफ्टवेअरला काहीच बदललेलं कळत नाही, ते आपलं कॉम १ कडेच बघत राहतं. बॉड रेट वगैरे हात लावू नका, जुनंच राहू द्या.

यूएसबी डोंगल आणि यूएसबी प्रिंटरसाठी यूएसबी फिल्टर तयार करा, म्हणजे मशिन चालू झालं की ते आपोआप पाहुण्याकडे जातात. प्रिंटर फक्त एलपीटीचाच असेल तर मालकाला यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स घ्यायला सांगणं स्वस्त पडतं. त्यात दिवस घालवू नका.

टॅलीबद्दल एक वेगळी सूचना. टॅलीचा परवाना मशिनशी बांधलेला असतो. जुन्या मशिनवर आधी लायसन्स सरेंडर करा, मग पाहुण्यात पुन्हा चालू करा. मालकाचा टॅलीचा ईमेल आणि पासवर्ड लागतो, तो आधीच विचारून घ्या.

आता माझी चूक

सगळं तांत्रिक जमलं तरी काम कसं फसतं ते ऐका.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात, ऑक्टोबरमध्ये, जिल्ह्यातल्याच एका वजनकाट्याचं काम घेतलं. मशिन दिवसातून दोनदा बंद पडत होतं. गुरुवारी संध्याकाळी मी डिस्कची फाइल काढली आणि घरी आणली. मुनीमजींना म्हणालो, "शनिवारी सकाळी नवं मशिन बसवतो."

मधे शुक्रवार होता. मी असं धरून चाललो की काटा बंद राहील. मुनीमजींनी असं धरलं की काटा चालू ठेवायचा. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. नंतर ते म्हणाले, "सर, ट्रॅक्टरची लाईन पार रोडवर गेलती. काटा कसा बंद ठेवावं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

शनिवारी मी नवं मशिन बसवलं. सुंदर चाललं. मालकाने चहा पाजला, मी पैसे घेऊन आलो.

सोमवारी फोन. एक शेतकरी शुक्रवारची पावती घेऊन पैसे मागायला आला होता. कॉम्प्युटरवर तो नंबर टाकला तर दुसऱ्याच माणसाचं नाव आणि दुसरंच वजन. माझ्या फाइलमध्ये गुरुवार संध्याकाळपर्यंतचाच हिशेब होता. शनिवारी सॉफ्टवेअरने गुरुवारच्या पुढचा नंबर दिला, म्हणजे शुक्रवारी जे नंबर जुन्या मशिनने दिले होते तेच पुन्हा वाटले. एका नंबरच्या दोन पावत्या बाजारात. तो माणूस मला म्हणाला नाही, मालकाला म्हणाला, "माझा माल दुसऱ्याच्या नावावर चढवला का?" आणि आजूबाजूला पाच-सहा जण उभे होते.

मित्रांनो, काटेवाल्याकडं विकायला दुसरं काय असतं? विश्वासच. त्याला मी दोन दिवसांत तडा दिला.

वाचलो ते दोन गोष्टींमुळे. मुनीमजी कार्बनची पावती पुस्तकं जपून ठेवायचे. आणि जुनं मशिन मालकाने भंगारात दिलं नव्हतं. ते चालू केलं, शुक्रवारच्या ४३ पावत्या काढल्या, कार्बन कॉपीशी एकेक ताळा केला. शनिवारच्या पावत्यांचे नंबर बदलून पुढे नेले आणि ज्यांच्या पावत्या बदलल्या त्यांना मालकाने स्वतः फोन केले. त्या दिवशी मी घेतलेले पैसे परत दिले. तो मालक आजही मला काम देतो, पण प्रत्येक वेळी विचारतो, "सर, ह्या टायमाला शुक्रवार नाही ना मधी?"

त्यातून मी हे नियम केले:

डिस्कची फाइल म्हणजे त्या क्षणाचा फोटो आहे. फोटो काढल्यावर माणूस हलला तर फोटोत ते येत नाही.

म्हणून काम दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी तालमीची: फाइल काढा, घरी सगळं जुळवा, अडचणी सोडवा. ह्या काळात जुनं मशिन खुशाल चालू राहू द्या. दुसरी फेरी खरी: धंदा बंद झाल्यावर रात्री शेवटची पावती लिहून घ्या, आणि जुन्या मशिनमधला सॉफ्टवेअरच्या डेटाचा फोल्डर ताजा कॉपी करून पाहुण्यात टाका. डेटा कुठं आहे ते कळत नसेल तर पूर्ण फाइल पुन्हा काढा.

त्यानंतर जुन्या मशिनची वायर काढा आणि वर कागद चिकटवा: "चालू करू नये." तारीख टाका, मालकाची सही घ्या.

पहिली पावती काढण्याआधी नंबर मागच्याच्या पुढचा आहे का ते मालकासोबत बघा. खाती असतील तर तेरीज जुळवा. डीटीपी असेल तर पाच जुन्या फाइली उघडा आणि एक छापून बघा.

जुनं मशिन निदान एक हंगाम फेकायचं नाही.

आणि हंगामात हे काम घ्यायचंच नाही. कापूस-सोयाबीन सुरू होण्याआधी, मे-जूनमध्ये घ्या. मशिन मरायलाच टेकलं असेल तर गोष्ट वेगळी.

बॅकअप आणि सुरक्षा

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. शिवाय मालकाच्या पोराने चुकून जुन्या स्नॅपशॉटवर मशिन परत नेलं तर मधल्या सगळ्या नोंदी जातात, म्हणजे माझा शुक्रवार पुन्हा घडला. काम पूर्ण झालं की स्नॅपशॉट काढून टाका. बॅकअपसाठी पाहुणा पूर्ण बंद करा आणि त्याचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. महिन्यातून एकदा पूर्ण, आणि रोज फक्त डेटा. ती डिस्क दुकानात नाही, घरी ठेवायची.

जुन्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, व्हायरस यायला एक मिनिट पुरतं. ईमेल, जीएसटी, बँक हे सगळं यजमानावर करा. फाइल इकडून तिकडे न्यायला शेअर्ड फोल्डर आहे.

परवान्याचं खरं सांगा

हे कुणी सांगत नाही, मी सांगतो. ब्रँडेड कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या मशिनशीच बांधलेलं असतं. ते व्हर्च्युअल मशिनमध्ये हलवायची परवानगी सहसा नसते आणि ते ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागतं. रिटेल परवाना असेल तर तो हलवता येतो. मालकाला हे आधी सांगा आणि कोटेशनमध्ये लिहा. "क्रॅक मारून देतो" हा शब्द तोंडातून काढू नका. स्वस्तात मिळतं म्हणून आज खूश झालेला मालक उद्या मशिनमध्ये व्हायरस निघाला की तुमचंच नाव घेतो.

दर कसा ठरवायचा?

बाजारात कोण काय घेतं ते सोडा, स्वतःचा हिशेब मांडा. समजा तुमच्या तासाची किंमत तुम्ही ३०० रुपये धरली. तपासणी १ तास, फाइल काढणं २ तास, जुळवणी ३ तास, दुसरी फेरी आणि ताळा २ तास. झाले ८ तास, २,४०० रुपये. पेट्रोल २००, बाहेरच्या डिस्कची झीज २००. एकूण २,८०० रुपये. ह्यात कनव्हर्टर, यूपीएस, परवाना धरलेला नाही, ते मालकाचं. तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी घ्या, कारण तपासणीनंतर "हे होणार नाही" असं सांगायची वेळ येऊ शकते आणि तेव्हाही तुमचा तास गेलेलाच असतो.

खरी कमाई पुढे आहे. वर्षातून चार वेळा जाऊन बॅकअप चालू करून बघायचा, असा वार्षिक करार करा. "बॅकअप आहे" आणि "बॅकअप चालतो" ह्यात फरक आहे. ग्राहक दुसऱ्यासाठी पैसे देतो. असे वीस ग्राहक झाले की तालुक्याच्या गावात बसून तुमचा पाया पक्का झाला. उद्यम नोंदणी करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते.

एक शेवटची गोष्ट. ग्राहकाची अख्खी डिस्क तुमच्या घरी येते. त्यात शेतकऱ्यांचे खाते नंबर, घरचे फोटो, सगळं असतं. काम संपलं, मालकाने सही दिली, की ठरलेल्या दिवशी तुमच्याकडची प्रत पुसा आणि पुसल्याचं त्यांना कळवा. एवढं कुणी करत नाही. म्हणूनच करा.

गृहपाठ

१. तुमच्या ओळखीतला एक जुना कॉम्प्युटर शोधा आणि पायरी १ ची पूर्ण यादी वहीत भरा.
२. स्वतःचाच एखादा जुना, बिनकामाचा कॉम्प्युटर घेऊन त्याचं व्हर्च्युअल मशिन बनवा. पहिला प्रयोग ग्राहकाच्या मशिनवर नको.
३. मुद्दाम चुकीचा कंट्रोलर लावा आणि तो निळा पडदा एकदा बघून घ्या. ग्राहकासमोर पहिल्यांदा दिसला तर घाम फुटतो.
४. "चालू करू नये" हा कागद छापून बॅगेत ठेवा.

पुढच्या भागात वार्षिक कराराचा साधा मराठी नमुना ओळीओळीने समजावून घेऊ. तोपर्यंत सराव करा, आणि कामाच्या मधे कुठं शुक्रवार येतोय का ते आधी बघा.

भेटू.